जतन करायचं का?

संगणकावर काही लिहून ते बंद करायला गेलं, की तो विचारतो: जतन करायचं का? आपण ‘नको’ म्हणतो आणि विषय संपला असं समजतो. तो संपलेला नसतो. वर्डमध्ये आपण लिहीत असताना, सेटिंग बदललेलं नसेल तर, दर १० मिनिटांनी एक तात्पुरती प्रत आपोआप तयार होते. २०१० च्या आवृत्तीपासून तर ‘नको’ म्हटल्यावरही अशी शेवटची प्रत काही दिवस एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये पडून राहते. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलची फक्त नोंद जाते. त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच असतो.

वीज गेल्यावर याच प्रतींनी लोकांचे लेख, प्रबंध, हिशेब वाचवलेत. ओळखीतल्या बऱ्याच जणांना मीही ते शोधून दिलेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिलाय. पण हरवलेलं वेगळं आणि सोडून दिलेलं वेगळं. यंत्राला हा फरक कळत नाही. दुसऱ्यानं ‘नको’ म्हटलेलं परत काढायचा अधिकार आपल्याला असतो का?

माझे एक ज्येष्ठ स्नेही अचानक गेले. निवृत्त शिक्षक, दिवाळी अंकांत नेमानं लिहिणारे. त्यांचा शेवटचा लेख अर्धवट होता, तो सापडतो का बघा, असं वहिनींनी सांगितलं. लॅपटॉप ते गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. लेख सापडला. त्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती. अशा फाइलला बरेचदा मजकुराच्या पहिल्या शब्दांचंच नाव मिळतं. तिचं नाव होतं, ‘ती. दादा’.

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू. शेताच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद होऊन बावीस वर्षं झाली होती. त्या फोल्डरमध्ये असण्याचा अर्थ एवढाच, की पत्र लिहिलं आणि जतन न करता बंद केलं. मी ते उघडलं नाही. आहे एवढं वहिनींना सांगितलं आणि माझं मतही सांगितलं: पोस्टात न टाकलेलं पत्र लिहिणाऱ्याचंच असतं, आणि लिहिणाऱ्यानं ते नको म्हटलंय.

वहिनी म्हणाल्या, “तुमचं बरोबर असेल. पण ह्यांनी जन्मात एक पत्र स्वतः पोस्टात टाकलं नाही. लिहून टेबलावर ठेवायचे. टाकायचं की नाही, ते मी बघायचे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली. पुढं त्यांनी काय केलं, मी विचारलं नाही.

अशा वेळी काफ्काचं उदाहरण हटकून निघतं. आपलं लिखाण जाळून टाक, असं त्यानं माक्स ब्रोडला लिहून ठेवलं होतं. १९२४ साली काफ्का गेला, आणि पुढच्याच वर्षी ब्रोडनं ‘द ट्रायल’ छापली. ब्रोडनं ऐकलं असतं तर आपण केवढ्याला मुकलो असतो, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यानं आणखी एक गोष्ट केली: काफ्काची ती इच्छाही छापली. मी मित्राचा शब्द मोडतोय, आणि का मोडतोय, हे नाव लावून सांगितलं. उलट टेरी प्रॅचेटच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अपुऱ्या लिखाणाची हार्ड डिस्क २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटला वाफेच्या रोडरोलरखाली चिरडली. तिथंही त्याचा सहायक रॉब विल्किन्स जबाबदारी घेऊन उभा होता.

म्हणजे शब्द मोडणारा ब्रोड आणि पाळणारा विल्किन्स यांच्यात मला साम्यच जास्त दिसतं. दोघांनी माणूस जवळून पाहिला होता, आणि दोघंही उत्तर द्यायला तयार होते. वहिनीही त्यांच्याच रांगेतल्या. परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र कुणी जाब विचारू शकत नाही. ते सापडलेल्या फायलींची यादी समोर टाकतं. तिच्यात भाजीचा हिशेब आणि भावाला लिहिलेलं पत्र एकाखाली एक असतात.

मिळतंय म्हणून उघडायचं, ही सवय आपल्याला यंत्रानं लावली. त्यानं प्रत ठेवली, ती काही लिहिणाऱ्यानं दिलेली परवानगी नव्हे. त्यामुळे आता कुणाचं हरवलेलं शोधायला बसलो, की सापडलेल्या यादीपाशी मी थांबतो. मागितलेलं तेवढं काढून देतो. बाकीच्यासाठी त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारं कुणी आहे का, ते विचारतो. कुणीच नसेल, तर ती फाइल बंदच राहिलेली बरी. तिच्यात काय होतं हे न कळण्याची रुखरुख मग आपण सोसायची.