अपकीर्तीची सावली

लखनऊच्या महानगर या वसाहतीजवळून कुकरैल नावाचा प्रवाह गोमतीकडे जातो. आज त्याला नदी म्हणायला थोडे धैर्य लागते. पण याच प्रवाहाचे नाव मिळालेल्या जंगलात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सुसरींची पिले वाढवली जात आहेत. ही लांब, निमुळत्या जबड्याची सुसर. उत्तरेत तिला घडियाल म्हणतात. चंबळच्या वाळूतून अंडी आणायची, ती उबवायची, पिले दोन-तीन वर्षे हौदांत जोपासायची आणि मग नदीत सोडायची, असा तेथील क्रम. महानगरातला रहिवासी सुटीच्या दिवशी कुंपणाअलीकडून जो प्राणी पाहतो, त्याचे मूळ घर पाहायचे असेल तर त्याला इटावा मागे टाकून चंबळच्या घळींत उतरावे लागेल. त्या उतरणीवर एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. एखादे स्थळ माणसाला आवडू लागणे हा त्या स्थळावरचा उपकार मानावा, की उपद्रव?

‘घळ’ या शब्दाभोवती मराठी मनात एक शांत वलय आहे. शिवथरघळीशी दासबोधाची परंपरा जोडलेली आहे. त्यामुळे घळ म्हणजे एकांत, थंडावा, चिंतन. चंबळकाठच्या घळींना तिथले लोक ‘बीहड’ म्हणतात आणि त्या शब्दात भयच अधिक आहे. या घळी खडकाच्या नव्हेत, मातीच्या आहेत. नदीने आपले पात्र खोल नेले आणि काठच्या गाळाच्या जमिनीला पावसाचे पाणी शतकानुशतके चिरत राहिले. वरच्या माळावर फाल्गुनातच ऊन डोळ्यांना खुपते. खाली उतरताच दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंती सावली धरतात. पळसाचा लाल-केशरी फुलोरा अचानक वळणावर भेटतो. नेपतीच्या निष्पर्ण झुडपावर तांबडी फुले येतात. पान नाही, सावली नाही, केवळ फूल. हा निमकोरड्या प्रदेशाचा वसंत आहे. त्यात कोकणच्या वसंताचा ओलावा शोधणाऱ्याने तिकडे न गेलेले बरे. मऊ मातीवर साळिंदराच्या, कोल्ह्याच्या, क्वचित तरसाच्या पाउलखुणा असतात. घळ संपते तिथे नदी एकदम उघडी पडते. वाळूवर सुसरी ऊन खात पडलेल्या असतात आणि पाणचिरे पक्षी चोचीने पाण्याचा पृष्ठभाग कापत जातात.

हे सारे टिकले कसे? कालिदासाने मेघाला या नदीचा मान राखण्यास सांगितले आहे. त्याच्या लेखी चर्मण्वती ही रंतिदेव राजाची भूमीवर वाहणारी कीर्तीच होती. लोकमानसाने मात्र त्याच कथेतले यज्ञपशूंचे रक्त लक्षात ठेवले आणि त्यात द्रौपदीच्या शापाची भर घातली. कवीने जिला कीर्ती म्हटले तिला लोकांनी अपवित्र ठरवले, आणि नदीच्या दृष्टीने लोकांचा निकाल अधिक हितकर ठरला, असे म्हणण्याचा मोह होतो. गंगेला जे भक्तीने दिले त्या निर्माल्यापासून, घाटांपासून आणि यात्रांपासून चंबळ बरीच वाचली. शापापाठोपाठ दरोडेखोर आले. ज्या घळीत शिरण्यास माणूस कचरतो तिथे तरस निर्धास्त वितो. अपकीर्तीचीही एक सावली असते.

परंतु ही मांडणी फार सुबक आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहिले पाहिजे. ती सावली कोणाच्या खर्चाने पडली होती? काठच्या गावांनी खंडणी, सूड आणि पोलिसांचा ससेमिरा पिढ्यान्‌पिढ्या सोसला. दर पावसाळ्यात घळीचे तोंड शेताच्या दिशेने पुढे सरकते. ज्याची जमीन तिने गिळली, त्याला नेपतीच्या फुलांचे कौतुक सांगणे हा निव्वळ उर्मटपणा होय. १९६० मध्ये विनोबा या घळींतून चालले. भिंड-मुरैनाच्या त्या यात्रेत काही दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. पुढे १९७२ मध्ये जयप्रकाशांपुढे फार मोठे समर्पण झाले. विनोबांची चाल ही सौंदर्ययात्रा नव्हती. माणसाच्या मनातले भय काढावे, एवढ्याचसाठी ते त्या वाटांवर उतरले. ते भय राहिले असते तर पाणचिरे अधिक सुखी झाले असते, हा हिशेब कोणता विवेकी माणूस मांडील?

तरीही भय ओसरल्यावर काय येते, हेही पाहावे लागते. वाळू उपसणारे येतात. सुसर ज्या वाळूत अंडी घालते तीच वाळू शहरांच्या इमारतींना हवी असते. घळी सपाट करून शेते काढली जातात. २००७-०८ च्या हिवाळ्यात तर चंबळच्या खालच्या अंगाला शंभराहून अधिक सुसरी मेल्या. १९७९ पासून अभयारण्य होते, पाणी स्वच्छ म्हणून ख्याती होती. त्यातले काहीही कामी आले नाही.

आणि शेवटी रसिक येतो. त्याला अपवाद मानण्याचे कारण नाही. साताऱ्याच्या कास पठाराने हे अनुभवले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याचे नाव जागतिक वारशात गेले, पण फुले पाहणाऱ्यांच्या पायांपासून फुले राखण्यासाठी तिथे माणसे मोजून सोडावी लागतात. अकोले तालुक्यातील सांदण दरी ही एके काळी साम्रदच्या गावकऱ्यांची आणि मोजक्या भटक्यांची होती. आता सुटीच्या दिवशी त्या अरुंद, थंड फटीत माणसांची रांग लागते. कुकरैललाही रात्रसफारी उभारण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. अंधार हे ज्यांचे शेवटचे खाजगीपण, त्या प्राण्यांना अंधारातही प्रेक्षक मिळणार. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही, आणि अडचण तिथेच आहे. दुष्ट हेतूला कायद्याने अडवता येते. प्रेमाला अडवण्याची भाषा आपल्या नीतिविचारात फारशी घडलेली नाही. ‘अहिंसा’ हा शब्द आपण इजेपुरता वापरतो. नुसत्या उपस्थितीने होणारी हिंसा त्यात बसवायची, तर जिथे जावेसे वाटते तिथे न जाणे, गेल्यास दूर थांबणे आणि परतल्यावर त्या जागेचा पत्ता न सांगणे, हीही आचरणे ठरतात. सुसर माणूस जवळ येताच वाळू सोडून पाण्यात सरकते. पाहणाऱ्याला ते दृश्य मोहक वाटते. थंडीत शरीर तापवण्यासाठी आलेल्या त्या जीवाचे ऊन मात्र त्या दिवसापुरते बुडालेले असते.

मार्चच्या अखेरीस, रात्री, मादी वाळूच्या उंचवट्यावर खड्डा खणून अंडी घालते. दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने, जूनच्या सुमारास, पिले अंड्यांतूनच आवाज देऊ लागतात आणि तो ऐकून मादी वाळू उकरते. कुकरैलला नेलेली अंडीही त्याच सुमारास आवाज देतात. तिथली वाळू माणसाच्या हातांना उकरावी लागते.