अनामिकांचे ऋण

कोकणच्या प्रवासपुस्तिकांत एक शब्द वारंवार भेटतो: प्रेक्षणीय. गणपतीपुळ्याची पुळण प्रेक्षणीय, जयगडचा किल्ला प्रेक्षणीय, आणि आता रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पेही प्रेक्षणीय. आम्हा नाहूरकरांच्या वाट्याला मिठागरे आणि ठाण्याच्या खाडीचा गाळ.  तेव्हा सहलीच्या बसगाड्या तिकडे वळतात हे स्वाभाविकच. परंतु पाहून परतणाऱ्यावर त्या पाहिलेल्या वस्तूचे काही ऋण राहते काय?

कातळशिल्प म्हणजे भिंतीवरील लेणे नव्हे. जांभ्याच्या सपाट पठारास कोकणात सडा म्हणतात. त्याच्या पायाखालच्या खडकातच ही आकृती खोदलेली असते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी सामावले आहेत. जवळ उभे राहिले तर तो पुरता दिसतही नाही. मग तो कोणी पाहावा म्हणून खोदला? अन्यत्र गेंडा आहे; कोकणात आज गेंडा नाही. शेतीच्या खुणा नाहीत, म्हणून हे हात शिकाऱ्यांचे असावेत, असे अभ्यासक मानतात. काळाविषयी मतभेद आहेत. काहीजण तो दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून सडे पायी पालथे घातले, गावकऱ्यांना विचारत विचारत ही शिल्पे शोधली. २०२२ साली महाराष्ट्रातील आठ व गोव्यातील एक अशी ९ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली.

ज्यांनी खोदले त्यांचे नाव, भाषा, दैवत, काहीच आपणांस ठाऊक नाही. त्यांचा वंशज म्हणून दाद मागायलाही कोणी येणार नाही. न्यायाच्या दरबारात असा पक्षकार उभाच राहत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न कायद्याचा कमी व सदसद्विवेकाचा अधिक आहे. अथेन्समध्ये संत पौलाने अज्ञात देवाच्या वेदीची टर उडवली नाही. तिच्यापासूनच त्याने आपल्या बोलण्यास प्रारंभ केला. येथे तर माणूसच अज्ञात आहे, आणि तोही परमेश्वराच्याच प्रतिरूपात घडलेला, अशी आपली श्रद्धा आहे.

दगडाला हात लावू नये, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. जांभ्याचे चिरे काढूनच कोकणातील घरे उभी राहिली. जुन्या गोव्याचे बॉम जेझूसचे भव्य ख्रिस्तमंदिरही जांभ्याचेच. चिरेखाणीवर राबणाऱ्या मजुराची चूल त्याच दगडावर पेटते. शहरातून आलेल्या पाहुण्याने त्याला वारशाचे प्रवचन द्यावे, हे मला काहीसे लाजिरवाणे वाटते. बारसूच्या सड्यावर २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून संघर्ष पेटला, तेव्हा विरोध करणारेही गावकरीच होते आणि रोजगाराची आस धरणारेही. चिरा पुढच्या खाणीतही मिळतो. खोदलेली आकृती एकदा फुटली की दुसरीकडे मिळत नाही. माझ्या मते तराजू येथे झुकतो, पण दुसरे पारडे रिकामे आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आपल्या घरचा हिशेबही मांडला पाहिजे. बोरिवलीच्या मंडपेश्वराची शैव लेणी सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनामंदिर म्हणून वापरली. एका भिंतीवर, जेथे आधी शिल्प होते तेथे, आज क्रूस कोरलेला दिसतो. नटराज मात्र वाचला. तो क्रूस ज्याने कोरला तो भाविकच असणार. पण आधीच्या हाताचा त्याने विचार केला असेल काय? आज मुंबईच्या गल्लीबोळांतील जुने क्रूस, ज्यांतील कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर उभारले गेले, रस्तारुंदीच्या आड येतात तेव्हा आपण व्याकूळ होतो. ते उभारणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आपणही विसरलो आहोत. तरीही त्यांचा शब्द राखावा असे वाटते. हेच वाटणे सड्यावरच्या त्या शिकाऱ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर आपण राखतो तो वारसा की केवळ आपली मालमत्ता?

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' ह्या विश्वपत्रात निसर्गाबरोबरच ऐतिहासिक व सांस्कृतिक ठेव्याचीही चिंता वाहिली होती. रत्नागिरीजवळच्या उक्षीत हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा घातला आहे. तोही जांभ्याच्याच चिऱ्यांचा आहे.