न तपासलेले अंतर

बंदुकीच्या नेमाविषयी या पानांवर लेख कशासाठी, असे आपणास वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः आयुष्यात कधी बंदूक हाती धरलेली नाही. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे, आणि ज्या भूमीत आपण राहतो तिचा कायदा पाळणे हे आपले कर्तव्य आहे. मदरशात फिकहच्या ग्रंथांतील शिकारीचे प्रकरण शिकताना आम्ही विद्यार्थी ते काहीशा सवडीनेच वाचत असू. बाण, शिकारी कुत्रा, ससाणा यांचे नियम आपल्याला कधी लागणार आहेत, अशी आमची समजूत होती.

ती समजूत केपटाऊनहून आलेल्या एका निरोपाने मोडली. कोकणातील कितीतरी मुस्लिम घराणी शंभर वर्षांहून अधिक काळापासून त्या शहरात स्थायिक झालेली आहेत. अशाच एका घरातला माझा धाकटा मावसभाऊ. तिकडे परवाना घेऊन, खाजगी शेतांवर, ठरावीक हंगामात शिकार करता येते. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा. त्या दिवसांत तो मित्रांसह कारू नावाच्या विस्तीर्ण माळरानावर गेला होता. तेथे स्प्रिंगबॉक हे हरणासारखे जनावर असते, आपल्या चिंकाऱ्याच्या जवळचे. त्याने एकावर गोळी झाडली. गोळी पुढच्या पायाला लागली. जनावर तीन पायांवर पळाले, झुडपांत दिसेनासे झाले, आणि सूर्य मावळेपर्यंत शोधूनही सापडले नाही.

“भाई,” त्याने विचारले, “बिस्मिल्लाह म्हणूनच चाप ओढला होता. खाण्यासाठीच मारत होतो, मौजेसाठी नाही. परवानाही होता. तरी झोप लागत नाही. मी गुनाहगार आहे का?”

उत्तर देण्याआधी मी त्याला विचारले की नेम चुकला कसा. यावर त्याने जे सांगितले ते आधी आपण समजून घेऊ, कारण सारा प्रश्न तेथेच आहे.

बंदुकीला दुर्बीण बसवलेली असते. शिकारी दुर्बिणीतून पाहतो ती रेषा सरळ असते. गोळीचा मार्ग मात्र सरळ नसतो. नळीतून सुटल्या क्षणापासून ती जमिनीकडे ओढली जाऊ लागते. ज्यांनी लहानपणी दगड मारून कैऱ्या पाडल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. लांबची कैरी पाडायची तर दगड तिच्या वरच्या अंगाला भिरकवावा लागतो. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली ठेवतात. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. त्यामुळे गोळी आधी खालून येऊन दृष्टिरेषा ओलांडते, थोडी वरून जाते आणि पुढे एका ठरावीक अंतरावर पुन्हा तिला येऊन मिळते. हे अंतर कोणते असावे ते शिकारी ठरवतो आणि त्याप्रमाणे दुर्बीण जुळवतो. या जुळवणीला ते लोक ‘झिरो करणे’ म्हणतात.

माझ्या भावाची बंदूक 100 मीटरवर जुळवलेली होती. 308 नावाचे जे प्रचलित काडतूस तो वापरतो, त्याची गोळी अशा बंदुकीतून 200 मीटरवर दहा-बारा सेंटिमीटर खाली पडते, आणि 300 मीटरवर चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक हात. अंतर तिप्पट झाले म्हणून घसरण तिप्पट होत नाही, ती कितीतरी अधिक वाढते. तीच बंदूक 200 मीटरवर जुळवली तर 100 वर गोळी पाच-सहा सेंटिमीटर वर लागेल आणि 300 वर सुमारे पंचवीस सेंटिमीटर खाली. स्प्रिंगबॉकच्या हृदय-फुप्फुसांची जागा वीतभरही नसते. ते जनावर 300 मीटरवर उभे होते. माझ्या भावाने अंदाज बांधला, थोडे वर म्हणून पाठीच्या रेषेवर नेम धरला, आणि गोळी छातीच्याही खाली उतरून पायावर आली.

“300 मीटरवर यापूर्वी कधी कागदावर गोळी मारून पाहिली होतीस?” मी विचारले.

“नाही.”

मराठीत ‘नेम’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. नेम म्हणजे लक्ष्य साधणे, नेम म्हणजे नियमाने पाळलेले व्रत, आणि ‘त्याचा काय नेम!’ म्हणताना नेम म्हणजे भरवसा. माझ्या भावाचा नेम पहिल्या अर्थाने होता, तिसऱ्या अर्थाने नव्हता.

आता त्याच्या बाजूचे तीन मुद्दे पाहा. शिकार विहित होती, हेतू शुद्ध होता, अल्लाहचे नाव घेतले होते. आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की यापलीकडे माणसाकडून काय अपेक्षावे? कर्मांचा आधार नियतीवर आहे हे तर आपण सारेच शिकलो आहोत. परंतु नियत शुद्ध असणे आणि साधन तपासलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहीह मुस्लिममध्ये शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय आहे की अल्लाहने प्रत्येक बाबतीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, आवश्यक ठरवले आहे, जीव घ्यायचा झाला तरी तो उत्तम रीतीने घ्यावा, सुरीला धार लावून घ्यावी आणि जनावराला यातना होऊ देऊ नयेत. विचार करा, धार केव्हा लावायची? जनावर आडवे पाडल्यावर नव्हे, त्याच्या आधी. बंदूक ज्या अंतरावर वापरायची त्या अंतरावर जुळवून, तपासून घेणे ही बंदुकीची धार होय.

यापुढची गोष्ट मला अधिक बोचते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) एकदा कुरैशच्या काही तरुणांजवळून गेले. त्यांनी एक पक्षी बांधून उभा केला होता आणि त्यावर बाण मारण्याचा सराव चालवला होता. चुकलेला प्रत्येक बाण पक्ष्याच्या मालकाला द्यायचा, असा त्यांचा ठराव होता. इब्ने उमर येताना दिसताच ते पांगले. तेव्हा त्यांनी सांगितले की सजीवाला निशाण बनवणाऱ्याचा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धिक्कार केला आहे. ही हदीसही सहीह मुस्लिममध्ये आहे. माझा भाऊ असा निर्दयी मुळीच नाही. पण त्या क्षणी त्याच्या गोळीने नेमके काय केले? 300 मीटरवर आपली बंदूक कोठे मारते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि ते त्या गोळीने त्याला कळले. जी गोष्ट कागदाने सांगायची, ती एका जनावराच्या पायाने सांगितली. न तपासलेल्या अंतरावर झाडलेली गोळी ही शिकार राहत नाही. ती चाचणी होते, आणि चाचणीचा फळा जिवंत असतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. खात्री कोणाला असते? वारा फिरतो. गोळी 300 मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ घेते, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. इतका काटेकोर हिशेब मांडला तर कोणी शिकारच करू नये. शिकारच कशाला, वैद्याने शस्त्र उचलू नये आणि न्यायाधीशाने निवाडा देऊ नये.

शरीअतने पूर्ण खात्री मागितलेली नाही. तिने प्रबळ अनुमान मागितले आहे, आणि ते अनुमान प्रयत्नातून आलेले असावे असे म्हटले आहे. अनोळखी ठिकाणी किब्ल्याची दिशा कळेना तर वाटेल तिकडे तोंड करून उभे राहण्याची मुभा नाही. विचारावे, शोधावे, मग उभे राहावे. वैद्यकीचे ज्ञान नसता जो उपचार करतो तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, असा आशय सुनन अबू दाऊदमधील हदीसमध्ये आहे. त्याचा हेतू बरे करण्याचाच होता, हे तेथे गृहीतच आहे. म्हणून ज्याने 300 मीटरवर पुन्हा पुन्हा मारून पाहिले आहे, वाऱ्याचा अंदाज घेतला आहे, आणि तरीही ऐन वेळी जनावराने पाऊल टाकले, त्याची चूक वेगळी आणि माझ्या भावाची वेगळी. पहिल्याचे अज्ञान दूर होण्यासारखे नव्हते. दुसऱ्याचे एका सकाळीत दूर झाले असते.

पण खरे सांगायचे तर या फरकाने माझे पूर्ण समाधान होत नाही. मोडलेल्या पायाच्या जनावराला हा फरक कळत नाही. कदाचित म्हणूनच कुरआनने अनवधानाने झालेल्या मनुष्यवधातही (सूरह अन्-निसा, 92) केवळ ‘हेतू नव्हता’ म्हणून माणसाला मोकळे सोडलेले नाही. भरपाई आहे, प्रायश्चित्त आहे. दोष नसला तरी देणे उरते.

तेव्हा मी भावाला लिहिले: “तुझी शिकार हराम नव्हती, तुझी घाई दोषाची होती. सूर्यास्तापर्यंत शोधलेस, ते योग्यच केलेस. दुसऱ्या दिवशी शोधलेस का?”

बराच वेळ उत्तर आले नाही. मग आले ते असे. त्या शेतांवरचा रिवाज आहे की रक्ताचा थेंब जरी दिसला तरी जनावर सापडो वा न सापडो, त्याचे पैसे शिकाऱ्याने भरायचे. माझ्या भावाने रक्त पाहिले होते. संध्याकाळी शेतमालकाने विचारले तेव्हा मित्रांसमोर तो म्हणाला, गोळी लागलीच नाही.

झोप का लागत नव्हती ते मला तेव्हा कळले. त्याने मला अल्लाहच्या हक्काविषयी विचारले होते. अडकला होता तो माणसाच्या हक्कात, आणि अशा बाबतीत तौबा देणे चुकते केल्यावाचून पुरी होत नाही. शिवाय त्या खोट्याची किंमत केवळ पैशात नव्हती. मालकाला खरे कळते तर त्याच्या माणसांनी पहाटे रक्ताचा माग काढला असता आणि कदाचित त्या जिवाची सुटका केली असती.

हजरत अदी बिन हातिम (रजि.), ज्यांच्या पित्याचे औदार्य अरबस्तानात म्हणीसारखे झाले होते, ते शिकारी होते. त्यांनी प्रेषितांना (स.) विचारलेले प्रश्न पाहा. बाणाची धार लागली तर? आडवा लागला तर? शिकार नाहीशी होऊन दुसऱ्या दिवशी सापडली तर? पाण्यात पडलेली आढळली तर? उत्तरांचा रोख असा की जीव कशाने गेला हे तुला ठाऊक असले पाहिजे. तुझ्या बाणाने की पाण्याने हे कळत नसेल तर खाऊ नकोस. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या शिकारीविषयी आलिमांत मतभेद आहेत. गोळी धारेने कापत नाही, आघाताने मारते, म्हणून जनावर जिवंत असताना जबह झाले पाहिजे असे आपल्याकडील अनेक आलिम म्हणतात. येमेनचे इमाम शौकानी यांनी मात्र गोळी शरीर भेदून जाते या आधारावर अनुकूल मत दिले. त्या वादात आज शिरत नाही. पण जो जबह आवश्यक मानतो त्याने 300 मीटर धावत जायला किती वेळ लागतो, याचाही विचार चाप ओढण्याआधी करावा.

सूरह अल्-माइदाच्या 94 व्या आयतीत इहराममधील मोमिनांची परीक्षा त्यांच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात आलेल्या शिकारीने होईल, असे सांगितले आहे. तेथे परीक्षा जवळपणाची होती. दुर्बिणीने ती उलटी केली आहे. जे टप्प्याबाहेर आहे ते टप्प्यात आल्यासारखे दिसते.

माझ्या भावाने शेतमालकाला फोन केला, खरे सांगितले आणि पैसे पाठवले. जनावराचा मागमूस लागला नव्हता. पुढच्या आठवड्यात तो नेमबाजीच्या मैदानावर गेला. एकेका अंतरावर तीन-तीन गोळ्या मारायच्या, मध्ये नळी थंड होऊ द्यायची, आणि एका छिद्रावर न जाता तिन्हींचा मध्य पाहून दुर्बिणीची चकती फिरवायची, अशी रीत आहे. त्याच्या दुर्बिणीत चकतीच्या एका टिकेला गोळी 100 मीटरवर 1 सेंटिमीटर सरकते, 200 वर 2. तिन्ही छिद्रे एकत्र पण बाजूला असतील तर दोष दुर्बिणीच्या जुळणीत. विखुरलेली असतील तर बहुधा हातात.

त्याने मला तीन कागदांची छायाचित्रे पाठवली. 100 मीटरची छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. 200 ची तळहाताएवढ्या जागेत. 300 च्या कागदावर एकच छिद्र होते, उजव्या कडेला. उरलेल्या दोन गोळ्या कागदाला लागल्याच नव्हत्या. कागदाच्या खाली त्याने पेनाने तारीख घातली होती आणि लिहिले होते, “भाई, मी 200 च्या पुढे मारणार नाही.”