बाजारात बसलेले वकील

नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला एक मुलगा होता. बापाला अक्षर येत नव्हतं, पण पोराने शिकावं अशी त्याची जिद्द होती. पोरगा शिकला, वकील झाला आणि नांदेडच्या कोर्टात उभा राहू लागला. त्याचं बोलणं नेमकं असे, कागद स्वच्छ असत, साक्षीदाराशी वागणं सभ्य असे. काही वर्षांत तो जिल्हा सरकारी वकील झाला. लोक त्याला वकीलसाहेब म्हणू लागले.

बाररूममधली जाणती माणसं म्हणत, "हे एक दिवस राज्याचे महाधिवक्ता होतील." महाधिवक्ता म्हणजे राज्य सरकारचा सर्वांत मोठा कायदेशीर सल्लागार. राज्यघटनेच्या 165 व्या कलमाप्रमाणे राज्यपाल त्याची नेमणूक करतात. वकीलसाहेबांना हे ऐकून बरं वाटे. त्यांच्या बापाला तो शब्द नीट म्हणता येत नसे, पण तोही चारचौघांत सांगे की आमचा पोरगा मोठा होणार आहे.

एके दिवशी कंधारकडचा एक शेतकरी त्यांच्या दारात आला. चपला बाहेर काढून तो उंबऱ्याशीच बसला.

"साहेब, कपाशीच्या तीन पिशव्या पेरलो. झाडं माणसाएवढी झाली, पण बोंडंच धरली नाहीत. दुकानदार म्हणतो, माझा काय दोष? कंपनीचा माणूस म्हणतो, तुझ्या रानाचा दोष. आता मी कुणाकडं जाऊ?"

ग्राहक संरक्षण कायदा येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली होती. एकट्या ग्राहकाला कुणी विचारत नाही, म्हणून ग्राहकांनी एकत्र यावं, असं ते सांगत होते. पुढे 24 डिसेंबर 1986 रोजी कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. हे सारं वकीलसाहेबांच्या वाचनात होतं. त्यांनी शेतकऱ्याकडून फी घेतली नाही. रात्री जागून तक्रार लिहिली आणि मंचापुढे उभे राहिले.

त्या दिवशी ते फार सुंदर बोलले. शेतकऱ्याचं कर्ज, त्याची मेहनत, गेलेला हंगाम, सगळं त्यांनी मांडलं. ऐकणारे गप्प झाले.

मग कंपनीचे वकील उठले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बियाणं आमचंच होतं, याला पुरावा काय?"

शेतकऱ्याने बंडीच्या खिशातून एक कागद काढला. कॅलेंडरच्या फाटक्या पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने तीनाचा आकडा काढलेला होता आणि खाली एक रक्कम होती. दुकानाचं नाव नव्हतं, वाणाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती.

"आणि पिशव्या?"

"पिशव्यांत घरी मिरच्या भरून ठेवल्यात. त्याला शिवलेलं लेबल होतं, ते चुलीत गेलं."

तक्रार फेटाळली गेली. निकाल चुकीचा नव्हता. मंच पुराव्यावर चालतो आणि पुरावा जळून गेला होता.

पायऱ्या उतरताना शेतकरी थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही लई चांगलं बोललात. पण मी पिशवी घेताना तुम्ही तिथं पाहिजे होता."

एवढं बोलून तो एस. टी. स्टँडकडे चालू लागला.

वकीलसाहेब घरी आले. ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना. पुढे सरकारी वकीलपदाची मुदत संपली. पुन्हा अर्ज करा, असं सगळ्यांनी सांगितलं. एक जुने स्नेही म्हणाले, "मोठ्या पदाची वाट इथूनच जाते. ती सोडू नका."

वकीलसाहेब म्हणाले, "फसलेला माणूस माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा दावा हरलेलाच असतो. तो जिंकायचा तर दुकानाच्या गल्ल्यापाशीच जिंकावा लागतो. मला आता तिथं जाऊन बसायचं आहे."

त्यांनी अर्ज केला नाही. पत्नीचं माहेर लातूर जिल्ह्यात होतं, तिकडे त्यांनी बिऱ्हाड नेलं. तिकडे ज्वारीची रानं हळूहळू सोयाबीनखाली जात होती. सोयाबीनचं बियाणं म्हणजे मोठा खर्च. एकरी तीस किलोची पिशवी लागे, आणि ती पिशवी फसली तर वर्ष फसे.

रोहिणी नक्षत्र सरत आलं की आठवडी बाजारात बियाण्यासाठी गर्दी होई. त्या गर्दीत, दुकानांच्या ओळीसमोरच्या लिंबाखाली वकीलसाहेबांनी सतरंजी टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते एवढंच सांगत, "पक्की पावती घ्या. तिच्यावर वाणाचं नाव, लॉट नंबर आणि तारीख बघून घ्या. पिशवी खालच्या बाजूने उसवा, म्हणजे वर शिवलेलं लेबल शाबूत राहील. आणि पेरून झालं की मूठभर बी पिशवीतच ठेवा."

लोक ऐकत, मान हलवत आणि पुढे जात. कुणी म्हणे, "कोर्टात चालत नसेल, म्हणून बाजारात बसला." वकीलसाहेब मनावर घेत नसत. पण एक गोष्ट त्यांना कळेना. पावतीला पैसे पडत नाहीत, तरी माणसं ती का मागत नाहीत?

त्याचं उत्तर एका बाईने दिलं. नवऱ्यामागे चार एकर रान तीच बघत होती. सगळे तिला मावशी म्हणत.

मावशी म्हणाल्या, "वकीलसाहेब, आम्ही बियाणं उधारीवर घेतो. खतही उधारीवर. सुगीला पैसे देतो. ज्याचं उधार खायचं, त्याच्याकडं पावती कुठल्या तोंडानं मागायची? उद्या तो म्हणाला, बाई, दुसरं दुकान बघ, तर मी पेरू काय?"

वकीलसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. एवढी वर्षं कायद्याची पुस्तकं वाचून त्यांना जे कळलं नव्हतं, ते या बाईला ठाऊक होतं.

मग ते म्हणाले, "मावशी, तुमच्या वाडीत सोयाबीन पेरणारी घरं किती?"

"असतील दहा-बारा."

"मग एकट्या जाऊ नका. सगळे मिळून एकाच दिवशी, एकाच दुकानात जा. दहा गिऱ्हाइकं एकदम परत लावायला कुणी धजत नाही."

पुढच्या बाजारी वाडीतली दहा माणसं एकत्र आली. मावशींनी सगळ्यांसमोर पावती मागितली. दुकानदाराने चष्म्यावरून एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं आणि खालच्या कप्प्यातून पावतीपुस्तक काढलं. त्याने दहा पावत्या फाडल्या आणि उधारी वहीत तशीच मांडली.

तो दुकानदार वाईट माणूस नव्हता. काही वर्षांनी त्यानेच वकीलसाहेबांना सांगितलं, "साहेब, पावत्या देतो म्हणून मलाही आधार झाला. माल खराब निघाला तर आता मीही कंपनीला जाब विचारू शकतो."

अशी वर्षं गेली. वाडीचं बघून शेजारचं गाव शिकलं. वकीलसाहेब दर उन्हाळ्याच्या अखेरीला सतरंजी टाकत राहिले. कोर्टात कंपन्यांचे वकील मात्र तीच ती कारणं काढत. शेतकरी धंद्यासाठी बियाणं घेतो, म्हणून तो ग्राहक नाही. बियाण्याचा कायदा वेगळा आहे, म्हणून ग्राहक मंचात येता येणार नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही.

मग 2012 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला राष्ट्रीय बीज निगम आणि आंध्रातले शेतकरी यांच्यातला होता. न्यायालयाने सांगितलं की शेतकरी हा ग्राहकच आहे आणि बियाण्याचा वेगळा कायदा असला तरी ग्राहक मंचाचं दार त्याला बंद होत नाही. शेतकरी विकत घेतलेलं सगळं बी पेरून टाकतो, तपासणीसाठी त्याने नमुना मागे ठेवायला हवा होता, असं म्हणता येणार नाही.

वकीलसाहेबांनी तो निकाल बाजारात सोप्या मराठीत समजावून सांगितला. एका तरुणाने विचारलं, "मग आता मूठभर बी ठेवायची गरज नाही ना?"

"कायद्याने मागितलेलं नाही," वकीलसाहेब म्हणाले, "तरी ठेव. निकाल लागायला वेळ जातो. मुठीतलं बी आठ दिवसांत खरं सांगतं."

2020 साल उजाडलं. टाळेबंदीचे दिवस होते. वकीलसाहेब आता थकले होते, घराबाहेर पडत नव्हते. मृगात पाऊस बरा झाला, लोकांनी सोयाबीन पेरलं आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी ते उगवलंच नाही. तक्रारींचे ढीग लागले. वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

वकीलसाहेबांनी टेबल पुसून घेतलं, कोरे कागद काढून ठेवले. आता वाडीची माणसं येतील म्हणून ते वाट पाहू लागले. आठवडा गेला, महिना गेला. कुणी आलं नाही. आपल्याला लोक विसरले की काय, अशी शंका त्यांच्या मनात आली. त्याहून मोठी काळजी अशी की माणसं घाबरून गप्प तर बसली नाहीत?

दोन पावसाळे गेले आणि एक दिवस मावशी आल्या. केस पांढरे झाले होते. हातात कागदांची पिशवी होती.

"मावशी, त्या साली बियाणं उगवलं नाही, तेव्हा आला नाहीत?"

"कशाला येऊ?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेलं सगळं घरात होतं."

मग त्यांनी घडलं ते सांगितलं. चार दिवसांत कोंब वर आले नाहीत, तशी वाडीने एकत्र बसून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज दिले. तक्रार निवारण समिती रानात आली, पंचनामा झाला. मावशींनी पंचांसमोर राखलेल्या मुठीतले शंभर दाणे मोजले. ओलं गोणपाट अंथरून दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी सगळ्यांदेखत गुंडाळी उघडली. शंभरातले सत्तर तरी उगवायला हवेत, असं प्रमाण आहे. कोंब एकेचाळिसांनाच फुटले होते.

"मग ग्राहक आयोगापुढं कोण उभं राहिलं?"

"मीच. विचारले, तुमचे वकील कुठायत? मी म्हणाले, तक्रार माझी, बोलणार मीच."

"आणि समोरचे काय म्हणाले?"

"म्हणाले, बी खोल पडलं असेल, पाऊस कमी झाला असेल. मी म्हणाले, शेजारच्या रानात त्याच दिवशी, त्याच तिफणीनं पेरलं. तिथं दुसऱ्या लॉटचं बी होतं, ते उगवलं. पंचनाम्यात लिहिलंय, वाचून बघा."

मावशींनी पिशवीतून निकालाचा कागद काढला. बियाण्याचे पैसे, पेरणीचा खर्च आणि गेलेल्या हंगामाची भरपाई व्याजासह मिळाली होती. वाडीतल्या बाकीच्यांनाही मिळाली होती.

वकीलसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मावशी, माझ्या उभ्या जन्मातला हा सर्वांत मोठा दावा. आणि त्यात माझं नाव कुठंच नाही."

"त्याचाच तर आनंद करा," मावशी म्हणाल्या.

वकीलसाहेब राज्याचे महाधिवक्ता झाले नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा अधिकारी लोक मत देऊन निवडतात आणि फसलेल्या ग्राहकांसाठी तो स्वतः कंपन्यांना कोर्टात खेचतो. आपल्याकडे त्या पदाचं काम वेगळं आहे. आपल्या कायद्याने दाद मागण्याचा तो अधिकार साध्या गिऱ्हाइकाच्या हाती दिला आहे. ग्राहकाला आपली तक्रार स्वतः मांडता येते, वकील लावण्याची सक्ती नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. पण हा सगळा अधिकार एका कागदावर उभा आहे, आणि तो कागद खरेदीच्या वेळीच मिळतो. दुसऱ्यासाठी भांडणारा माणूस थोर खरा. पण लोकांना आपल्यावाचून भांडता यावं म्हणून झटणारा त्याहून थोर.

म्हणून या मृगाआधी बियाणं घ्यायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. पक्की पावती मागा, लेबल जपा, मूठभर बी राखून ठेवा. आणि शेजाऱ्याने पावती घेतली नसेल, तर त्याला घेऊन पुन्हा दुकानात जा.