फरशीखालचे काम

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत. अमेरिकेत आल्यावर या म्हणीचा अर्धा भाग निकामी होतो, कारण येथे बहुतेक माणसे घर बांधत नाहीत, बांधलेले विकत घेतात. कोकणात आमच्या आजोबांनी घर बांधले तेव्हा गवंडी कोण, चुना कोठला, जांभा कोणत्या खाणीतला हे सारे त्यांना ठाऊक होते. ओळंबा सोडला की ते स्वतः एक डोळा मिटून भिंत पाहत. व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न येथे आमच्या मुलाने नवे घर घेतले तेव्हा आम्ही फक्त किल्ल्या हाती घेतल्या, दारावर मेझुझा लावली आणि देवाचे आभार मानले.

अ‍ॅशबर्न हे लाउडन काउंटीतले गाव. या काउंटीची लोकसंख्या १९९० च्या जनगणनेत ८६,१२९ होती, ती २०२० मध्ये ४,२०,९५९ झाली. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट माणसे आली म्हणजे त्यांच्यासाठी किती घरे किती घाईने उभी राहिली असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. ही घरे लाकडी सांगाड्यावर उभी असतात आणि आतील भिंती व छत जिप्समच्या पातळ फळ्यांचे असते. पाहायला सुबक, हिवाळ्यात उबदार. मात्र पाण्याशी त्यांचे वैर. जांभ्याची भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात वाळते. येथे लाकूड कुजते आणि फळीला बुरशी धरते.

राहायला आल्यावर नवव्या महिन्यात जेवणघराच्या छतावर बशीएवढा तपकिरी डाग दिसला. त्याच्या बरोबर वर न्हाणीघर होते. न्हाणीच्या जमिनीला निचऱ्याकडे दर फुटामागे पाव इंच ढाळ हवा, असा येथील बांधकामाचा नियम आहे. आमच्या न्हाणीत पाणी जाळीकडे न जाता उलट कोपऱ्यात तळे करून बसत असे. नाण्याने टाइल वाजवून पाहिली तर चारपैकी एक बद्द वाजे, म्हणजे तिच्याखाली पोकळी होती. पुष्कळांना वाटते की टाइल पाणी अडवते. तसे नाही. टाइलमधून आणि विशेषतः सांध्यांतून पाणी थोडेथोडे झिरपतच असते. ते अडवतो टाइलखालचा जलरोधक थर, आणि तो नेमका कोणाला दिसत नाही.

विकणाऱ्या कंपनीने एक कारागीर पाठवला. त्याने सांध्यांवर सिलिकॉन फासले, छताला रंग दिला आणि तो गेला. तीन आठवड्यांत डाग पुन्हा उमटला. दुसऱ्यांदा तोच तरुण आला. आम्ही त्याला चहा दिला. तो एल साल्वादोरचा, इंग्रजी मोडके, आमच्या सुनेला थोडे स्पॅनिश येते. त्याने सांगितले ते असे: तो कंपनीचा नोकर नाही, कंपनीच्या कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे न्हाणीमागे ठरलेल्या पैशांवर काम करतो. आमची न्हाणी त्यानेच केली होती. ढाळ चुकल्याचे त्याला त्याच दिवशी कळले होते, पण दुसऱ्या दिवशी दुसरे घर होते. आता लेखी तक्रार गेली तर सगळे उखडून नव्याने करावे लागेल आणि त्या दिवसांची मजुरी त्याला मिळणार नाही. तेव्हा पत्र लिहू नका, रविवारी मी आपणहून येऊन वरवर नीट करून देतो, अशी त्याने विनंती केली.

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, हमीचे वर्ष संपायला सात आठवडे उरले आहेत, पत्र उद्याच गेले पाहिजे. त्याचे म्हणणे बरोबर होते. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे, करारात स्पष्ट वगळलेले नसेल तर, नव्या घराच्या कारागिरीची हमी एक वर्षाची असते, पायाची पाच वर्षांची. दोष लेखी कळवावा लागतो आणि तो दुरुस्त करायला विक्रेत्याला जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. (मायदेशातील वाचकांनी लक्षात ठेवावे की भारताच्या २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यात कारागिरीच्या दोषासाठीही ताबा घेतल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, आणि कळवल्यापासून तीस दिवसांत बांधणाऱ्याने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. याबाबतीत मुंबई-ठाण्याचा ग्राहक आमच्याहून अधिक सुरक्षित आहे.)

पत्नी म्हणाली, त्या पोराचे दोन दिवसांचे पोट मारून आपल्याला कोरडे छत मिळणार असेल, तर त्या छताखाली बसून घास गोड लागेल का? हेही आम्हांला खोटे म्हणता येईना. आपणही परके म्हणून या देशात आलो. पहिली काही वर्षे पडेल ते काम पडेल त्या दामाने केले.

मग प्रश्न असा: ज्याच्या हातून दोष झाला तो गरीब असेल, तर दोष दाखवणे हा न्याय की निर्दयपणा?

आम्ही आयुष्यभर शिक्षक होतो. असा प्रश्न पडला की आमचा हात पुस्तकाकडे जातो. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्याचे प्रकरण आहे. हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले की कोहेनला बोलवायचे, सात दिवस घर बंद ठेवायचे, चट्टा पसरला तर तेवढे दगड काढायचे, भिंत खरवडून नवे दगड व नवा गिलावा घालायचा. हा नियम त्या भूमीतील घरांसाठी आहे, अ‍ॅशबर्नच्या घराला तो लागू नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यातील तीन गोष्टी आम्हांला त्या रात्री उपयोगी पडल्या.

पहिली गोष्ट अशी की, कोहेनला कळवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. दिसूनही गप्प बसण्याची मुभा त्याला नाही. अनुवादात नव्या घराच्या गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे, तीही मालकालाच. घर नीट नसेल तर त्यापासून होणाऱ्या इजेचे दायित्व मालकाच्या दारात येते. आमच्या छताखाली दोन लहान नातवंडे जेवायला बसत होती.

दुसरी गोष्ट, कसे कळवायचे. मिश्नाच्या नेगाइम भागात म्हटले आहे की मालक विद्वान असला आणि चट्टा खात्रीने तोच आहे हे त्याला माहीत असले, तरी त्याने निकाल देऊ नये. घरात चट्ट्यासारखे काही दिसते, एवढेच सांगावे. आम्ही वही तपासताना तांबडी खूण चुकीवर करत असू, मुलाच्या कपाळावर नव्हे. तक्रारीचेही तसेच असावे. जे मोजले ते लिहावे, ज्याचा केवळ संशय आहे तो संशय म्हणूनच लिहावा.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. दोन घरांमधील सामाईक भिंतीला चट्टा लागला तर दगड काढायला आणि खरवडायला दोघांनीही यायचे, असे तेथेच सांगितले आहे. आमचे घर रांगेतले आहे, पलीकडची भिंत शेजाऱ्याची. तो भला तेलुगू गृहस्थ म्हणाला, काका, फार बोलू नका, रांगेतील घरांचा भाव पडेल. कायदाही त्याच्या बाजूचा वाटावा असा आहे. व्हर्जिनियात राहते घर पुढे विकताना त्याच्या स्थितीविषयी मालक हमी देत नाही, ग्राहकाने स्वतः तपासावे, असेच ठरीव निवेदन असते. पण कायद्याने विचारले नाही म्हणून ओल वाळत नाही. ती फक्त पुढच्या माणसाच्या छतावर उमटते. शेवटी त्यानेही नाणे घेऊन टाइल वाजवून पाहिल्या. त्याच्याकडेही बद्द आवाज आला.

आम्ही पत्र लिहिले. कंपनीला, प्रमाणित टपालाने. डागाची लांबीरुंदी, साचणाऱ्या पाण्याची खोली, वाजवलेल्या टाइलांची संख्या, तारखा एवढेच त्यात घातले. कारागिराचा उल्लेख केला नाही. शेवटी दोन ओळी जोडल्या: नवा थर टाइल लावण्यापूर्वी पाणी भरून तपासावा, आणि घाईने झालेल्या चुकीचा खर्च ज्याच्या हाती घड्याळ नव्हते त्याच्या मजुरीतून कापू नये.

पहिली ओळ मान्य झाली. एका शुक्रवारी दुपारी निचऱ्याचे तोंड बुच लावून बंद केले, तळात दोन इंच पाणी भरले आणि त्या तरुणाने पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली. शब्बाथ संपल्यावर आम्ही दिवा लावून पाहिले. पाणी खुणेवर होते आणि खाली छत कोरडे होते.

दुसऱ्या ओळीचे उत्तर आले नाही. त्याला विचारले तेव्हा कळले की दोन दिवसांपैकी एका दिवसाची मजुरी मिळाली. उरलेल्या दिवसाचे पैसे आम्ही त्याला दिले. मुलाला ते पटले नाही. कंपनीची चूक आपण का भरावी, आणि चुकलेल्या कामाला बक्षीस का, असे तो म्हणाला. त्याच्या प्रश्नातही तथ्य आहे. ढाळ चुकल्याचे त्या तरुणाला माहीत होते, आणि घाई दुसऱ्याने लादली तरी कळून झाकलेली चूक थोडीतरी आपलीच असते. हे आम्ही त्याला पैसे देताना सांगितलेही. त्याने मान खाली घालून ऐकले. मग त्याने काय केले, तर शेजाऱ्याची न्हाणी उखडण्याचे ठरले तेव्हा आपणहून तेथे गेला आणि ढाळ मोजण्यासाठी आमची पाणसळ मागून नेली.

आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल काढत. तेलात काय मिसळले ते गिऱ्हाइकाला भांड्यात पाहून कळत नसे. तेल्यावर विश्वास ठेवूनच ते घरी जाई. आजही आपण आयुष्यातील बहुतेक वस्तू तशाच विश्वासाने घेतो. तो विश्वास टिकवायचा तर काम करणाऱ्याला ते नीट करण्याइतका वेळ आणि दाम मिळाला पाहिजे, आणि दोष दिसला तर घेणाऱ्याने तो योग्य दारी, योग्य शब्दांत सांगितला पाहिजे. गप्प बसून आम्ही त्या तरुणावर दया केली असती असे आम्हांला आता वाटत नाही. घाई करवणाऱ्यालाच ती सोयीची झाली असती.

एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब मात्र आमच्या मनात अजून मिटलेला नाही. वाचकांपैकी कोणाला याहून चांगला मार्ग सुचत असेल, तर त्यांनी या पानांवर अवश्य लिहावे.