समेटासाठीं दिलेली कन्या

चंद्रपूर शहरांत अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधि बिरशहा राजाची. ती त्याच्या राणीनें, हिराईनें, बांधविली. त्याच नगरांत झरपट नदीच्या कांठीं महाकालीचें देऊळ आहे. बाजाराच्या किंवा कचेरीच्या कामानें जातां येतां आमच्या पुष्कळ वाचकांनीं हीं दोन्ही स्थळें पाहिलीं असतील. या दोहोंशीं एका राजकन्येची कथा जोडलेली आहे. तींतून एक प्रश्न उत्पन्न होतो, तो आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों: दुसऱ्याचें आयुष्य देऊन आपण शांति विकत घ्यावी काय?

कथा अशी. बिरशहानें आपली कन्या देवगडच्या गोंड राजघराण्यांतील दुर्गपाल याला दिली. देवगड आज मध्यप्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यांत मोडतें. त्या काळीं चांदा आणि देवगड हीं दोन बलाढ्य गोंड राज्यें होतीं. अशा दोन घरांची सोयरीक ही केवळ दोन जिवांची गांठ नसते. तींत सरहद्द, सैन्य आणि मान यांचाहि हिशेब असतो. सासरीं पतीनें त्या कन्येचा घोर अपमान केला. तिनें बापाकडे गाऱ्हाणें नेलें. बापानें शपथ वाहिली कीं, जांवयाचें शिर महाकालीला अर्पण करीन. युद्ध झालें, दुर्गपाल पडला आणि शपथ पुरी झाली. त्या शिराची दगडी प्रतिमा देवगडाकडे तोंड करून देवळावर बसविली, असें परंपरा सांगते. पुढें बिरशहाचाहि खून झाला. पुत्र नसल्यामुळें राणी हिराईनें रामशहाला दत्तक घेतलें व राज्य सांभाळलें. १७५१ सालीं तें राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें.

आतां या कथेकडे पुन्हा एकदां पाहावें. बापाला समाधि आहे. जांवयाला, दगडाचें कां होईना, मुख आहे. कन्येचें मात्र नांवहि सांगणारे क्वचितच घेतात. ती "राजाची लेक" एवढीच उरते. सासरीं देतांना कोणी तिला विचारिलें, असें कथेंत नाहीं. अपमान झाल्यावर तिला काय हवें होतें, हेंहि कथेंत नाहीं. तिला माहेरीं राहावयाचें होतें काय? पतीला शिक्षा व्हावी पण त्याचा जीव राहावा, असें तिला वाटत होतें काय? तिनें गाऱ्हाणें केलें, आणि उत्तर म्हणून तिला वैधव्य मिळालें. बापाची माया खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु देतांना जसें तिच्या वतीनें दुसऱ्यांनीं ठरविलें, तसेंच सूड घेतांनाहि दुसऱ्यांनींच ठरविलें.

हा दोष गोंड राजांचाच होता, असें कोणीं समजूं नये. युरोपांतील राजघराणीं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती म्हणवीत, तरी तेथेंहि हेंच चाले. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स हे जुने वैरी. त्यांचा १७५६ सालीं तह झाला. तो बळकट व्हावा म्हणून ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत ही १७७० सालीं फ्रान्सच्या युवराजाला दिली. तेव्हां ती अवघी १४ वर्षांची होती. व्हिएन्ना येथें लग्न लागलें तेव्हां वर हजरत नव्हता. त्याच्या जागीं तिचाच भाऊ उभा राहिला. पुढें १७९२ सालीं त्याच दोन देशांत युद्ध पेटलें. ज्या फ्रान्समध्यें ती राणी होती, तेथील लोक तिला परकी व शत्रूची हेर म्हणूं लागले. १७९३ सालीं तिचा शिरच्छेद झाला. तिच्या हातून दोष घडले नाहींत असें नाहीं. पण ज्या तहासाठीं ती दिली गेली, तो मोडल्यावर तिला कोणाचाहि आधार उरला नाहीं.

पवित्र शास्त्रहि ही गोष्ट झांकून ठेवीत नाहीं. शौल राजाची कन्या मीखल हिची दाविदावर प्रीति होती; परंतु बापानें तिला दाविदासाठीं पाश म्हणून वापरिलें. पुढें त्यानें तिला पालटीएलाला दिलें. नंतर अबनेराशीं बोलणें करितांना दाविदानें ती परत मागितली, आणि पालटीएल रडत रडत बहूरीमापर्यंत तिच्या मागें गेला. पालटीएलाचें रडणें शास्त्रांत लिहिलें आहे. त्या वाटेवर मीखल काय बोलली तें लिहिलेलें नाहीं. दावीद देवाचा निवडलेला राजा होता, तरी त्याच्याहि दरबारांत कन्येला कोणी विचारिल्याचें दिसत नाहीं.

कोणी म्हणतील, समेट होणें चांगलें नव्हे काय? एका मुलीच्या लग्नानें दोन घरांचें वैर मिटलें तर त्यांत पाप कोणतें? समेट चांगला, यांत शंका नाहीं. पण समेटाची किंमत कोण देतो, हें पाहिलें पाहिजे. आमचा प्रभु येशू ख्रिस्त आमचा समेट झाला, तो स्वतःचा प्राण देऊन. आणि तो प्राण त्यानें स्वखुशीनें दिला, कोणी त्याच्यापासून हिसकावून घेतला नाहीं. जो स्वतःला देतो तो दाता होय. जो दुसऱ्याला न विचारतां देतो, तो त्याला ओलीस ठेवितो.

आमच्या खेड्यांत राज्यें नाहींत, पण बांध आहेत, कर्जें आहेत, भाऊबंदकी आहे. बांधाचा तंटा मिटावा म्हणून मुलगी दिली जाते. साटेंलोटें होतें, तेथें एका घरची सून दुःखी झाली कीं दुसऱ्या घरच्या लेकीलाहि भोगावें लागतें. मुलगी गांठोडें घेऊन माहेरीं परत आली तर कोणी म्हणतात, "परत पाठवा, सोयरीक मोडेल." भाऊ काठ्या घेऊन निघतात. मंडळींतले वडील सांगतात, "बाई, सोस." या तिन्ही वाटा वेगळ्या दिसतात, पण तिन्हींत तिला विचारणारा कोणी नसतो.

रिबकेच्या घरीं काय झालें तें उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायांत वाचावें. दागिने दिले गेले होते, भावानें व बापानें रुकार दिला होता. तरी दुसऱ्या दिवशीं घरच्यांनीं मुलीला बोलावून, तूं या मनुष्याबरोबर जातेस काय, असें तिलाच विचारिलें. प्रश्न लगेच निघण्याचा होता, हें खरें. तथापि उत्तर तिच्या मुखांतून घेतलें गेलें.

आमच्या विवाहविधींतहि पाळक वधूला विचारितो. पण त्या वेळीं मांडव पडलेला असतो, भात शिजत असतो, वऱ्हाड बसलेलें असतें. तेव्हां "नाहीं" म्हणण्याची छाती कोणत्या मुलीला होईल? म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, लग्नाची सूचना मंडळींत वाचण्यापूर्वींच एखाद्या वडीलधाऱ्या, विश्वासू भगिनीकरवीं मुलीला एकांतांत विचारावें. तिचें वय १८ वर्षांचें पूर्ण आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. त्याआधीं विवाह करणें कायद्यानें मना आहे. आणि जी परत माहेरीं आली आहे, तिला आधीं जेवूं घालावें, मग तिचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकावें, आणि त्यानंतरच पंचांनीं बसावें. आईबापांनीं सल्ला अवश्य द्यावा. पण उत्तर तिचें असावें.

प्रत्येक मेंढराला नांवानें हांक मारणारा मेंढपाळ आमच्या घरांतील मुलींचींहि नांवें जाणतो. त्यांचें ऐकून घेण्याची सुबुद्धि तो आम्हां सर्वांस देवो.