नेम

आधी बसा. खुर्चीवर नको, धुऱ्यावर बसल्यासारखे बसा, गुडघे पोटाशी घेऊन. पौषातली रात्र आहे असं समजा. नांदगाव पेठेच्या शिवारात तूर शेंगांवर आली आहे, शेजारच्या वावरात हरभऱ्याला घाटे धरलेत. एका अंगाला औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्यांवरचे लाल दिवे. दुसऱ्या अंगाला महामार्गावरच्या ट्रकांची घरघर. पाटीवर आता 53 लिहिलं आहे, जुनी माणसं त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. शाल कानांवरून घ्या. जागलीला आलेल्याला पहिला तासभर काहीच दिसत नाही, आणि तसंच असायला हवं.

बॅटरी लावा. एकदाच, सावकाश फिरवा. तिकडे, तुरीच्या तासाच्या शेवटाला, दोन डोळे.

कोणाचे?

हा प्रश्न आज रात्री सुटला नाही तरी चालेल. फक्त मनात धरून ठेवा. रोह्याचे डोळे उंचावर असते, माणसाच्या छातीच्या वर. रानडुकराचे डोळे उजेडात असे पेटतच नाहीत. त्याच्या डोळ्यात तो आरसा निसर्गाने बसवलेला नाही. हे जमिनीलगत आहेत, जवळजवळ आहेत, मध्येच विझतात आणि हातभर बाजूला पुन्हा लागतात. खोकड असेल. कोल्हा असेल. टोलनाक्याच्या ढाब्यावरचं कुत्रं असेल, नाहीतर कोणाच्या घरची मांजर. डोळे म्हणजे जनावर नव्हे. ज्या देशांत खोकडावर रायफल चालवायला मुभा आहे, तिथेही नवख्याला पहिला धडा हाच देतात की चमकलेल्या डोळ्यांवर गोळी टाकायची नाही. अंग दिसलं पाहिजे, आणि अंगामागे काय आहे तेही.

आता बॅटरी बंद करा. तळहात पुढे करा आणि त्यावर एक गोळी ठेवली आहे अशी कल्पना करा. काडतूस नव्हे, नुसतं पुढचं टोक, जे नळीतून बाहेर पडतं ते. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या झुंडी घेऊन कोल्ह्याची शिकार करायला 2005 पासून बंदी आहे. मेंढ्यांची कोकरं आणि कोंबड्या राखणारे लोक तिथे रायफल वापरतात. त्यांतली एक नेहमीची गोळी .223 ची. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे तोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. साध्या पॉइंट टू-टूची गोळी याहून थोडी हलकी, अडीच ग्रॅमच्या आसपास. वजनात दीडपटीचाही फरक नाही. पण ही पहिली सेकंदाला जवळजवळ हजार मीटर धावते, दुसरी सव्वातीनशे. वेग तिप्पट झाला की मारा तिप्पट होत नाही; वेगाचा वर्ग होतो, आणि त्यात वजन मिसळलं की दोन्हींत बारापटीचं अंतर पडतं. म्हणून टू-टू जवळून, फार जवळून. लांबून तिने जनावर मरत नाही, जखमी होऊन जातं.

ती गोळी हातात तशीच राहू द्या. तिचं टोक पाहा. शिसं उघडं आहे, तांब्याची टोपी पुरती चढवलेली नाही. अशी गोळी अंगात शिरताच आळंब्यासारखी फुलते आणि आपला सगळा जोर आतच सोडते. पूर्ण मढवलेली गोळी मात्र सुईसारखी आरपार निघून जाते. मागे बारीक भोक आणि तासन्‌तास चालणारं मरण. ही फुलणारी गोळी आपल्याकडचीच, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात घडलेली, म्हणून जगभर तिला दमदम म्हणतात. 1899 मध्ये हेगला जमलेल्या राष्ट्रांनी युद्धात ती वापरायची नाही असं ठरवलं, कारण माणसाच्या शरीरात ती फार क्रूर. आणि इंग्लंडचा कायदा आज हरणासाठी फुलणारीच गोळी लागेल असं सांगतो, कारण दुसरी फार क्रूर. शिसं तेच, टोक तेच. शत्रू जखमी होऊन पडला तर युद्धाचं काम होतं. जनावर जखमी होऊन पळालं तर शिकाऱ्याचं तोंड काळं होतं. या दोन वाक्यांमध्ये थोडा वेळ बसा. मी पुष्कळदा बसलो आहे, आणि दर वेळी कुठलं वाक्य जास्त शरमेचं हे मला ठरवता आलेलं नाही.

आता जागा. गोळी कुठे बसावी?

पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या अर्ध्यात, हृदय आणि फुप्फुसं. जनावर आडवं उभं असताना. इंग्लंडातल्या तांबड्या कोल्ह्याची ही जागा केवढी, तर एका संत्र्याएवढी. वरूड-मोर्शीकडचं मोठं फळ घ्या हवं तर. आपलं खोकड त्याच्या निम्म्या वजनाचं, दोन-तीन किलोंचं. त्याची जागा लहान, आंबट, हिरव्या फळाएवढी. गोळी त्या फळात बसली तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. तेवढ्यातही जनावर पन्नास-साठ पावलं पळू शकतं; पळालं म्हणजे चुकली असं नव्हे. फळाच्या चार बोटं मागे बसली तर पोट. त्याचं वर्णन करत नाही.

रानडुकराचं हृदय लोकांना वाटतं त्याहून खाली असतं, जवळजवळ पायांच्या मध्ये. खांद्यावर नराला कूर्चेची ढाल असते. खांद्याच्या मध्यावर नेम धरणारे म्हणून फसतात.

श्वास घ्या. अर्धा सोडा. थांबा. या थांब्यातच चाप ओढायचा, आणि ओढायचाही नाही, हळूहळू दाबत जायचं, असं की बार उडेल तेव्हा स्वतःलाही दचकायला व्हावं. माशी फळावर स्थिर आहे. मागे बांध आहे का? वऱ्हाडाचं हे शिवार सपाट. रायफलीची गोळी जनावर नाही सापडलं तर दोन-तीन किलोमीटर जाते, आणि पलीकडच्या वावरात तुमच्यासारखाच कोणीतरी शाल पांघरून बसला आहे. मागे माती नसेल तर बार नाही. जनावर तिरकं वळलं तर बार नाही. चालतंय, बार नाही. दोघं एकामागे एक उभी, बार नाही. पुन्हा श्वास घ्या. हे असंच पुष्कळ वेळ चालतं.

मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे: नेम. बंदुकीचा नेम आणि एकादशीचा नेम. आजी म्हणायची नेम मोडला, आणि आबाजी म्हणायचे नेम चुकला. लहानपणी मला वाटे, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

आबाजींकडे बारा बोअरची दुनळी होती. ही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची गोष्ट. हरभऱ्यात शिरलेल्या डुकरावर त्यांनी साठेक पावलांवरून एल.जी. टाकली. दुनळीच्या मोठ्या छऱ्यांचं असं असतं की तीस-पस्तीस मीटरपर्यंत ते एकत्र राहतात, पुढे पांगतात. साठ पावलांवर एक-दोन छरे कुठेतरी लागतात, आणि कुठे ते कोणाच्या हातात नसतं. डुक्कर नाल्यात उतरलं. दुसरा कोणी घरी आला असता. आबाजी रात्रभर नाल्याकाठी बसले, सकाळी रक्तावरून निघाले, संध्याकाळी रक्त तुटलं. तिसऱ्या दिवशी गिधाडांनी जागा दाखवली. ‘जखमी सोडून घरी नाई येत, बाप्पा,’ एवढंच ते या गोष्टीवर बोलत.

त्यानंतर त्यांनी मचाणापासून चाळीस पावलं मोजली आणि तिथे पळसाची खुंटी ठोकली. खुंटीपलीकडे डुक्कर नाचून गेलं तरी बार नाही. अर्धा हरभरा जायचा. आजी बोलायची. खुंटी जागची हलली नाही. त्यांचा नेम गावात कोणी वाखाणला नाही, कारण त्यांनी बार टाकलेला फार कोणी ऐकला नाही.

ती खुंटी पाहा. अंधारात दिसणार नाही, तरी पाहा.

आता त्या दोन डोळ्यांकडे परत या. समजा, ते खोकडच आहे. शेपटीचं टोक काळं, कान मोठे, अंग मांजरापेक्षा थोडं उंच. वावरात त्याचं काय काम? उंदीर, नाकतोडे, वाळवी, खेकडे, पडलेली बोरं. उंदीर मारणाऱ्याला उंदरांच्या वावरातून हाकलायचं कारण मला सापडत नाही. कोंबडी नेल्याची तक्रार असते, पण त्यासाठी खुराड्याला कडी पुरते. जोडीने राहतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी बिळात पिल्लं असतात. त्या दिवसांत आईवर बसलेली गोळी कितीही नेमकी असली तरी मरणं तीन-चार असतात, आणि उरलेली मातीखाली, हळू. विलायतेतल्या चोख मरणाच्या हिशेबात हा आकडा सहसा धरत नाहीत. तिथे कोल्ह्याला बंद हंगामही नाही. इथे कायदा खोकडाला संरक्षण देतो आणि विषय संपतो. मला विचाराल तर कायदा नसता तरी संपला असता.

रानडुक्कर आणि रोही यांचं तसं नाही. ज्याची उभी तूर एका रात्रीत आडवी झाली, त्याला मनन करायला सांगायची माझी हिंमत नाही. वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमात उभं पीक हीसुद्धा मालमत्ता आहे. वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, परवान्याच्या बंदुकीने ही जनावरं मारता येतात, आणि मेलेलं जनावर सरकारचं. पण 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी म्हणून जिचं नाव आहे ती ठासणीची बंदूक. दारू ठासा, छरे ठासा, एक बार, मग पुन्हा ठासा. ज्या हत्याराने चोख मरण देणं सगळ्यांत अवघड, तेच शेतकऱ्याच्या वाट्याला. हा विनोद कोणी मुद्दाम केला नसेल.

म्हणून मग तार येते.

इथे जरा जास्त वेळ थांबा. झटका मशीनची तार वेगळी. ती बॅटरीवर चालते, थांबून थांबून धक्का देते, जनावर दचकून मागे फिरतं. मी खांबावर आकडा टाकून कुंपणात थेट सोडलेल्या करंटबद्दल बोलतो आहे. विदर्भात त्या तारेने डुकरं मेली, वाघ मेले, पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसं मेली. तिच्या जवळ जाऊन बसा, मनातल्या मनात, हात लांब ठेवून. तिला माशी नाही. चाप नाही. अंतर नाही, खुंटी नाही. डोळे कोणाचे हे ती विचारत नाही. आणि ज्याने आकडा टाकला तो घरी झोपला आहे.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात बोराटीच्या रानात टी-1 वाघीण गोळीने मेली, तेव्हा गोळी कुठून शिरली, बेशुद्धीचा डार्ट आधी लागला की नंतर, यावर वर्तमानपत्रांपासून कोर्टापर्यंत वाद झाला. व्हायलाच हवा होता. तिथे कोणीतरी चाप ओढला होता, त्याला विचारता येत होतं. तारेला कोणी काय विचारणार?

नांदगाव पेठेच्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे, इथून उत्तरेला. तिथेच म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं. त्यातला ससा शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो: पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आला आणि स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला. मला त्या गोष्टीत ससा आणि स्वामी यांच्याइतकेच पारधी आवडतात. हत्यारं त्यांच्या हातात होती, कुत्री त्यांची होती, ससा चार हातांवर होता. ते थांबले. त्या थांबण्यात त्यांना काय वाटलं असेल, त्यावर थोडा वेळ राहा. मघाशी अर्धा श्वास सोडून तुम्ही थांबला होतात, तिथेच.

थंडी वाढली आहे. शाल नीट घ्या. बॅटरी आणखी एकदा लावा, सावकाश.

डोळे तुरीतून बाहेर आले आहेत. खुंटीच्या अलीकडे आहेत की पलीकडे, मोजा.